गुरुवारचं स्वयंपाकघर बंद करू नका : सॅन अँटोनियोहून एक खुलं पत्र

प्रति,
आमच्या धर्मादाय दवाखान्याच्या बोर्डावरील दोन मराठी सदस्य,
आणि अमेरिकेत अशा बोर्डांवर बसणारी सगळी मराठी मंडळी

काका, ताई,

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मी तुम्हाला याच नावांनी हाक मारते, म्हणून इथेही तसंच लिहिते. बोर्डाच्या सर्व सदस्यांना इंग्रजी आणि स्पॅनिशमधून रीतसर पत्र मागच्या आठवड्यात दिलं आहे. हे मराठीतलं पत्र तुम्हा दोघांना आहे, आणि मुद्दाम उघड लिहिलं आहे. ह्यूस्टनपासून न्यू जर्सीपर्यंत कितीतरी मराठी डॉक्टर, हिशेब सांभाळणारे आणि देणगीदार अशाच बोर्डांवर बसतात, आणि ज्यांच्या घरी कधी पाऊल टाकलेलं नाही अशा कुटुंबांबद्दल निर्णय घेतात. त्यांनीही हे वाचावं असं मला वाटतं.

बाहेरच्या वाचकांसाठी निर्णय काय ते आधी सांगते. शहराच्या पश्चिम भागातल्या लॅटिनो कुटुंबांसाठी आपला दवाखाना चर्चच्या सभागृहात दर गुरुवारी संध्याकाळी एक आहार कार्यक्रम चालवतो. मुलांचं वजन अवास्तव वाढू नये म्हणून अख्ख्या कुटुंबाने एकत्र यायचं, रांधायचं, जेवायचं, नाचायचं. हा कार्यक्रम वर्षअखेरीस बंद होणार आहे. त्याऐवजी पालकांच्या फोनवर एक ॲप येईल आणि इंग्रजी पत्रकाचं स्पॅनिश भाषांतर हातात मिळेल. आमच्या दोन प्रोमोतोरांपैकी एकीला अर्धवेळ फोनवर बसवलं जाईल. दुसरीची नोकरी संपली.

प्रोमोतोरा म्हणजे आपल्याकडची आशाताई समजा. त्याच वस्तीत राहणारी, तीच भाषा बोलणारी, कुणाच्या घरी सासू आजारी आहे आणि कुणाचा नवरा रात्रपाळीला जातो हे ठाऊक असणारी बाई. टेक्सासने १९९९ सालीच या कामाला कायद्याने मान्यता देण्याची सुरुवात केली. मुलांचं वजन आणि उंची मोजणारे तज्ज्ञ दवाखान्यात पुष्कळ सापडतील. त्या मुलाच्या आजीच्या ओट्यापाशी उभं राहण्याची मुभा मात्र प्रोमोतोरालाच असते.

मी या भानगडीत इतक्या आतून का पडते, ते सांगायला हवं. मी सोलापूरची. २०१३ साली मी पहिलटकरीण होते आणि गरोदरपणातला मधुमेह निघाला. इथल्या एका रुग्णालयात मला 'दक्षिण आशियाई रुग्णांसाठी' म्हणून एक छापील पत्रक दिलं. त्यात नान होता, पालक पनीर होतं, बासमती भाताची वाटी होती. ज्वारीची भाकरी नव्हती. पिठलं नव्हतं, शेंगदाण्याची चटणी नव्हती, मटकीची उसळ नव्हती. मी स्वतः आहारशास्त्र शिकलेली असूनही ते पत्रक घेऊन गप्प बसले. त्याहून वाईट गोष्ट नंतर लक्षात आली. माझ्या बाळंतपणासाठी सोलापूरहून आलेली माझी आई त्या वेळी बाहेर खुर्चीवर बसून होती. घरातलं प्रत्येक भांडं चुलीवर चढवणारी ती. डिंकाचे लाडू वळणारी ती. भातावर तुपाची धार किती पडणार हे ठरवणारी ती. तिला कुणी आत बोलावलं नाही. तासभर मला सगळं समजावून सांगितलं, आणि घरी आल्यावर स्वयंपाक नेहमीसारखाच झाला.

पश्चिम भागातल्या चर्चच्या सभागृहात पहिल्यांदा गेले तेव्हा मी ठरवूनच टाकलं होतं की इथे बाहेर कुणी बसायचं नाही. आजी आत येणार, काका आत येणार, कडेवरचं पोरही आत येणार.

तुम्ही दोघं एकदाच आला होता, तेही उद्घाटनाला. म्हणून एका साध्या गुरुवारचं वर्णन करते.

साडेपाचला मुलं येतात. मोठ्या पातेल्यात राजम्यासारख्या दिसणाऱ्या ठिपक्यांच्या पिंटो शेंगांच्या बिया शिजत असतात. एक आजी, मी त्यांना आबुएलाच म्हणते, पहिल्या दिवशी डुकराच्या चरबीचा डबा घेऊनच आल्या होत्या. घोटलेल्या फ्रिहोलेसना, म्हणजे या बियांना, मान्तेकाशिवाय, म्हणजे त्या चरबीशिवाय, चव नाही, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. मी वाद घातला नाही. प्रोमोतोरा म्हणाली, दोन पातेली करू. एकात नेहमीची पळीभर चरबी, दुसऱ्यात फक्त एक चमचा, आणि त्यात भाजलेली मिरची, लसूण, जिरं आणि एपासोते नावाचा त्यांचा उग्र वासाचा पाला. नंतर मुलांनी डोळे मिटून चव घेतली. दुसरं पातेलं आधी संपलं. त्यानंतर त्या आबुएला दर आठवड्याला येत राहिल्या आणि नव्या बायकांना 'एक चमचा' हे त्याच सांगायला लागल्या. मी सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं.

याच सभागृहात मला वेर्दोलागास भेटली. टेबलावर जुडी पाहिली आणि मी ओरडलेच, ही तर घोळ! आपण जी भाजी डाळीत घालतो, ती ते हिरव्या टोमॅटियोच्या सारात घालतात. राजगिऱ्याची वडी त्यांच्याकडे 'आलेग्रिया' म्हणून विकतात. त्या शब्दाचा अर्थ आनंद. निवडुंगाचे फड काटे काढून, चिरून, तव्यावर परततात, त्याला नोपालेस म्हणतात, आणि त्यात तंतुमय घटक भरपूर असतात. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळायची त्यांची निश्तमाल नावाची रीत हजारो वर्षांची आहे. त्या चुन्याने टॉर्टियाला, म्हणजे त्यांच्या पातळ भाकरीला, कॅल्शियम मिळतं आणि मक्यातलं नायसिन अंगी लागतं. अशा खाद्यपरंपरेच्या लोकांसमोर उभं राहून 'तुमचं जेवण वाईट आहे' असं सुरुवातीलाच सांगणं मला जमत नाही, आणि ते खरंही नाही. वाईट काय शिरलं ते वेगळं आहे, आणि ते बहुतेक इथे आल्यावर शिरलं.

उदाहरणार्थ रविवार. सॅन अँटोनियोत रविवारी सकाळी बार्बाकोआ, म्हणजे मंद आचेवर शिजवलेलं मांस, आणि लालभडक बिग रेड सोडा ही जोडी घराघरात ठरलेली असते. चर्चमधून येताना आजोबा घेऊन येतात, सगळे एकत्र बसतात. हे बंद करा असं मी कधी म्हटलं नाही. दिवाळीला माझ्याकडे येऊन कुणी चकली बंद करा म्हणालं तर मी त्या माणसाचं पुढे काहीच ऐकणार नाही. आम्ही एवढंच केलं की मुलांच्या हाती चमचे दिले. ३५५ मिलीलिटरच्या कोलाच्या डब्यात सुमारे ३९ ग्रॅम साखर असते, जवळजवळ दहा चमचे. मुलांनी ते दहा चमचे एकेक करून रिकाम्या पेल्यात ओतले. मागे बसलेले वडील खुर्चीत सरळ झाले. त्यानंतर बऱ्याच घरांत सोडा फक्त रविवारी उरला आणि एरवी जास्वंदीचं आग्वा फ्रेस्का, म्हणजे सरबत, आलं, तेही हळूहळू साखर उतरवत. दर आठवड्याला एक चमचा कमी.

मेक्सिकोतून येणाऱ्या पुड्यांवरचे काळे अष्टकोनी शिक्केही आम्ही वापरले. साखर जास्त, मीठ जास्त, असा इशारा देणारे हे शिक्के तिथे २०२० पासून सक्तीचे आहेत. मावशीने पाठवलेल्या खाऊवर ते असतात, म्हणून कुटुंबांना ओळखीचे. मुलं इथल्या पुड्यांवर स्वतः कागदाचे अष्टकोन कापून चिकटवायची. तुमच्या ॲपमध्ये हे कुठून येणार?

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार पत्रकाची. त्यात टॉर्टियावर लाल फुली आहे आणि शेजारी गव्हाच्या ब्रेडचं चित्र. मूळ इंग्रजी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मैद्याचा मोठा टॉर्टिया असावा. भाषांतर करताना मक्याचा आणि मैद्याचा हा फरक कुणी केलाच नाही. निश्तमाल मक्याचा टॉर्टिया धान्य म्हणून चांगला आहे. गरीब गरोदर बायका आणि पाच वर्षांखालची मुलं यांच्यासाठी अमेरिकेत चालणाऱ्या 'विक' या सरकारी योजनेने २००९ साली आपल्या शिध्याची यादी बदलली, तेव्हा त्यात मऊ मक्याचे टॉर्टिया आले, भाजी आणि फळांसाठी रोख कूपन आलं आणि फळांच्या रसाचं प्रमाण कमी झालं. त्यानंतर त्या योजनेतल्या दोन ते चार वर्षांच्या मुलांमधला लठ्ठपणा २०१० मधल्या १५.९ टक्क्यांवरून २०१६ मध्ये १३.९ टक्क्यांवर आला. सगळं श्रेय त्या यादीला देता येणार नाही, हे मला कळतं. पण सरकारने जो टॉर्टिया शिध्यात दिला, त्यावर आपण फुली मारली. 'विक'चं कार्ड पर्समध्ये असलेली आई आपलं पत्रक वाचेल तेव्हा कुणावर विश्वास ठेवेल?

आणि स्पॅनिश म्हणजे सगळ्यांचं झालं, असं धरून चाललात. 'हिस्पॅनिक' हा जनगणनेच्या कागदावरचा चौकोन आहे. त्यात मेक्सिकोच्या नुएवो लेओनचे लोक येतात जे मैद्याचा टॉर्टिया खातात, प्वेर्तो रिकोचे येतात ज्यांच्या ताटात भात आणि हिरवी केळी असतात, होंडुरासचे येतात, ग्वाटेमालाचे येतात. आमच्या गटात ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातली एक आई होती. तिची मायबोली माम. स्पॅनिश तिला बाजारापुरती येते. ताई, तुम्हाला कुणी 'तुम्ही इंडियन ना' म्हणून हिंदी पत्रक दिलं की तुमचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलं आहे.

दुसरी तक्रार माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलेली आहे. ॲप एका पालकाच्या फोनवर असतं. त्यात मुलाचं वजन दर आठवड्याला भरायचं. वजन वाढलं की लाल चिन्ह. म्हणजे कुटुंबाचा प्रश्न तुम्ही एकट्या आईच्या आणि आठ वर्षांच्या पोराच्या गळ्यात घातलात. घरात आजी-आजोबा आहेत, ते दुपारी शाळेतून मुलांना आणतात, वाटेत रास्पा, म्हणजे बर्फाचा गोळा, घेऊन देतात. काका आहेत, धाकटी भावंडं आहेत. तीन पिढ्या एका फ्रिजवर जगतात. लाल चिन्ह पाहून आई एका मुलाचं ताट वेगळं वाढणार, आणि बाकीचे पूर्वीसारखं खाणार. अशी वेगळी ताटं वाढलेल्या मुलांना मी रडताना पाहिलं आहे.

इथे 'गोर्दितो' हा शब्द समजून घ्यावा लागतो. गोर्दितो म्हणजे गुबगुबीत, आणि तो लाडाचा शब्द आहे. आपण बाळसेदार म्हणतो, गुटगुटीत म्हणतो, आणि आपल्याकडे सुदृढ बालक स्पर्धाही भरायच्या. एका आबुएलाने मला तिच्या धाकट्या भावाबद्दल सांगितलं. तो दुष्काळाच्या सालात जुलाबाने गेला. फार बारीक होता, एवढंच ती म्हणाली. नातवाच्या ताटात दुसरा टॉर्टिया ती त्या आठवणीतून वाढते. तिला तक्ता दाखवून काही होत नाही. प्रोमोतोरा तिच्याजवळ बसली, तिच्या भावाचं नाव विचारलं, मग म्हणाली, या नातवाला मोठेपणी तुमच्यासारखी साखरेची सुई घ्यावी लागू नये म्हणून आपण दोघी काहीतरी करू. त्या दिवसानंतर दुसरा टॉर्टिया मागितल्यावरच मिळायला लागला.

वडिलांचंही तेच. ह्यूस्टनमध्ये 'पापास सालुदाब्लेस, निन्योस सालुदाब्लेस' नावाने ऑस्ट्रेलियातला बापांसाठीचा एक कार्यक्रम लॅटिनो कुटुंबांकरता नव्याने घडवला गेला. तो घडवणाऱ्यांनी फक्त भाषांतर केलं नाही, आधी कुटुंबांना विचारलं. ते ह्यूस्टनला होतं, आपल्यापासून सुमारे तीन तासांच्या अंतरावर. आपण विचारलंही नाही.

तिसरी तक्रार हजेरीबद्दल. बोर्डासमोर ठेवलेल्या तक्त्यात २०२५ मध्ये हजेरी घसरली आहे आणि त्याखाली 'समाजाचा घटता रस' असं लिहिलं आहे. काका, हे वाक्य काढून टाका. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने शाळा, दवाखाने, चर्च अशा ठिकाणी इमिग्रेशनच्या कारवाया टाळण्याचं जुनं धोरण मागे घेतलं. त्या महिन्यापासून आमच्या सभागृहाच्या दारात गाडी उभी करायलाही लोक घाबरायला लागले. ज्यांची मुलं इथे जन्मलेली नागरिक आहेत, पण घरात एखाद्याचे कागद अपुरे आहेत, अशी कुटुंबं फोनवर विचारायची की बाहेर कुठली गाडी उभी आहे का. एक आई दोन महिने आली नाही, पण तिने शेजारणीकडून पाककृती मागवल्या आणि घरी केल्या. तिच्या नावापुढे तक्त्यात शून्य आहे. भीतीला तुम्ही कंटाळा म्हटलंत. त्या बायकांना हे वाक्य कळलं, तर त्या परत येणार नाहीत.

चौथी तक्रार नॅशव्हिल शहरात मुलांचा लठ्ठपणा रोखण्यासाठी झालेल्या अभ्यासाबद्दल. तुम्ही बैठकीत त्याचा दाखला दिलात असं मला कळलं, आणि दाखला खरा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६१० पालक-बालक जोड्या होत्या, बहुसंख्य लॅटिनो, आणि तीन वर्षांनंतर मुलांच्या बीएमआयमध्ये, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाच्या मापात, कार्यक्रम मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत फरक दिसला नाही. मी हे लपवणार नाही. लपवलं तर मला तुमच्याकडून प्रामाणिकपणा मागायचा हक्क राहणार नाही. पण तो अभ्यास कसा बांधला होता ते पूर्ण वाचा. प्रत्यक्ष भेटी पहिले बारा आठवडे, दर वेळी दीड तास. म्हणजे अठरा तास. पुढचे नऊ महिने महिन्याला एक फोन. त्यापुढची दोन वर्षं आठवणीचे निरोप. शिवाय त्यात घेतलेली मुलं अजून लठ्ठ झालेली नव्हती. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ अकादमीने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत लठ्ठ मुलांच्या उपचारासाठी किमान २६ तास समोरासमोर, कुटुंबासह, तीन ते बारा महिन्यांत, असं सांगितलं आहे. आपले अठरा गुरुवार दीड दीड तासांचे, म्हणजे २७ तास. त्या अभ्यासातून तुम्ही समोरासमोरचा भाग टाकून दिलात आणि फोनवरचे निरोप ठेवलेत. माझ्या समजुतीप्रमाणे त्यातून नेमका उलटा धडा निघतो.

त्याच नॅशव्हिलमध्ये त्याआधी छोट्या प्रमाणावर लॅटिनो पालक आणि बालवाडीतल्या मुलांसाठी बारा आठवड्यांचा वर्ग घेतला गेला, तेव्हा मुलांच्या वजनावर चांगला परिणाम दिसला होता. एल पासोच्या गरीब, बहुतांश हिस्पॅनिक वस्तीतल्या शाळांमध्ये जेवण, खेळ आणि घर यांना जोडणारा कार्यक्रम झाला. तिसरीपासून पाचवीपर्यंत मुलींमधलं जादा वजनाचं प्रमाण इतर शाळांत १३ टक्क्यांनी वाढलं, कार्यक्रमाच्या शाळांत २ टक्क्यांनी. मुलग्यांमध्ये ९ आणि १. त्या शाळांतही कुणी जादू केली नाही. वाढ थोपवली, एवढंच. आपल्याला तेवढंही पुरेल. कॅलिफोर्नियात फायरबॉ गावी कुटुंबांना भाजी-फळांसाठी महिन्याला २५ डॉलरची कूपनं देऊन शिकवणं आणि पैसा यांची सांगड घातली गेली. नुसतं 'भाज्या खा' सांगून दुकानातल्या भाजीचा भाव उतरत नाही, हे तिथे कुणीतरी ओळखलं होतं.

आपल्या कार्यक्रमाच्या उणिवाही सांगते. वर्षभरानंतर मुलांची मोजमापं आम्ही नीट ठेवली नाहीत. पुरावा मागितलात तेव्हा माझ्याकडे गोष्टी होत्या आणि आकडे अपुरे होते. ही चूक माझी आहे आणि ती दुरुस्त करता येईल.

पाचवा मुद्दा पैशाचा. जुलै २०२५ मधल्या नव्या कायद्याने स्नॅप-एड या आहारशिक्षणाच्या सरकारी योजनेचा निधी १ ऑक्टोबरपासून थांबवला, आणि आपल्या कार्यक्रमाचा काही भाग त्यावर चालत होता. हे मान्य. पण ताई, हिशेब तुम्ही पाहता. ॲपची वार्षिक वर्गणी आणि दोन प्रोमोतोरांचा पगार यांच्यात फारसा फरक नाही. पैसे होते. ते कशावर घालायचे, याची निवड झाली.

आणि ही निवड करताना त्या कुटुंबांपैकी एकालाही विचारलं नाही. बैठक मंगळवारी दुपारी, इंग्रजीत, कुंपणाच्या आतल्या गाडीतळावर ओळखपत्र दाखवून जायचं. केंद्र सरकारच्या मदतीवर चालणाऱ्या सामुदायिक आरोग्य केंद्रांच्या बोर्डांत निम्म्याहून अधिक सदस्य रुग्णच असले पाहिजेत, असा नियम आहे. आपला दवाखाना देणग्यांवर चालतो, त्याला तो नियम लागू नाही. पण त्या नियमामागचं शहाणपण उचलायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

प्रश्न किती मोठा आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. २०१७ ते मार्च २०२० या काळातल्या सरकारी पाहणीत अमेरिकेतल्या दोन ते एकोणीस वयाच्या हिस्पॅनिक मुलांपैकी २६.२ टक्के मुलं लठ्ठ होती, गोऱ्या मुलांमध्ये हे प्रमाण १६.६ टक्के होतं. काका, तुम्ही यकृताचे डॉक्टर. यकृतात चरबी साठवणारा पीएनपीएलए३ या जनुकाचा प्रकार हिस्पॅनिक लोकांत जास्त आढळतो, हे मला तुम्हीच एकदा समजावून सांगितलं होतं. म्हणजे या मुलांना तेवढ्याच साखरेची किंमत जास्त मोजावी लागते. त्यात आयांचा काय दोष? पश्चिम भागात जुलै-ऑगस्टच्या उन्हात मुलं कुठे खेळणार, पदपथ कुठे आहेत, ताजी भाजी किती मैलांवर आहे, हेही त्या आयांनी ठरवलेलं नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

गुरुवारचा कार्यक्रम जानेवारीपासून आणखी एक वर्ष चालू ठेवा. दोन्ही प्रोमोतोरांना पूर्णवेळ पगारावर ठेवा, आणि त्यासाठी ॲपची वर्गणी थांबवा.

टॉर्टियावर फुली असलेलं पत्रक एकाही कुटुंबाच्या हाती देऊ नका. नवं पत्रक करायचं असेल तर आधी आबुएला आणि आया यांच्यासोबत बसून करा. त्यांच्या वेळेचे पैसे द्या. माम बोलणाऱ्यांसाठी चित्रं आणि ध्वनिफीत करा.

हजेरीच्या तक्त्याखालचं 'घटता रस' हे वाक्य अधिकृत नोंदीतून काढा. कार्यक्रमात कुणाच्याही कागदपत्रांची विचारणा होणार नाही, आणि यादी दवाखान्याबाहेर जाणार नाही, असं लेखी आश्वासन स्पॅनिशमध्ये दारावर लावा.

बोर्डावर कार्यक्रमातल्या दोन आयांना मतदानाच्या हक्कासह जागा द्या, आणि वर्षातून निदान दोन बैठका संध्याकाळी, दुभाष्यासह, त्याच सभागृहात घ्या.

माझ्याकडून मी मोजमापांची पद्धत बसवून देते. प्रत्येक मुलाचं वजन आणि उंची खाजगीत, सुरुवातीला, सहा महिन्यांनी आणि वर्षाने. मुलाला आकडा ऐकवायचा नाही. वर्षानंतर आकडे तुमच्यासमोर ठेवीन, बरे असोत वा वाईट. आकडे वाईट निघाले तर कार्यक्रम बदलायला मीच पहिली तयार असेन.

शेवटचे तीन गुरुवार उरले आहेत. त्यातला मधला तामालादाचा आहे. नाताळाआधी सगळ्या घरच्या बायका, पुरुष, मुलं एकत्र बसून तामालेस, म्हणजे मक्याच्या सालपटात गुंडाळून वाफवलेले सारणाचे उंडे, वळतात, आपण दिवाळीचा फराळ करायला जमायचो तसं. या वर्षी त्यांचं मक्याचं पीठ अर्ध्या चरबीत मळायचं ठरलं आहे, आणि सारणात नोपालेस आहेत. आबुएलांनी स्वतः ठरवलं. संध्याकाळी साडेपाचला सुरू होईल. काका, ताई, तुम्ही दोघं या. मक्याच्या सालपटात सारण भरायला जास्तीचे हात लागतातच. बोर्डाच्या बैठकीआधी एकदा त्या टेबलाशी बसा, आणि ज्यांच्याबद्दल निर्णय घेतलात त्यांना तो तुमच्या तोंडून सांगा. त्या काय म्हणतात ते मी दुभाषी होऊन तुम्हाला मराठीत सांगेन.

आपली,
गुरुवारच्या कार्यक्रमाची आहारतज्ज्ञ
सॅन अँटोनियो, टेक्सास